‘सॉलिड’ म्हणजे भारी नव्हे

सॉलिड पाऊस, सॉलिड भूक, सॉलिड मॅच. आपल्या मराठीत हा शब्द आला तो कौतुकाचा होऊन, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. आफ्रिकेतल्या शिकारीबद्दल वाचताना ‘सॉलिड बुलेट’ दिसली की आपल्या वाचकाला वाटतं, ही जास्त जोराची गोळी. ‘सॉफ्ट नोज’ म्हणजे तिची मवाळ बहीण. मग तो विचारतो, हत्तीला चालते ती गोळी हरणाला का नको? हा प्रश्न ऐकून ऐकून कान किटले, म्हणून हे लिहितोय. (शिकार करायला सांगत नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो विषय संपवला, आणि बरं झालं.)

किरकोळ गोष्ट आधी उरकतो. पुंगळी, तिच्या बुडाची टोपी, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी मिळून काडतूस होतं. नळीतून बाहेर जाते ती फक्त गोळी. छऱ्यांची बारा बोअर हे वेगळंच प्रकरण, ते इथे नको.

सॉफ्ट नोज बहुतेकांना ठाऊक असते. शिशाचा गाभा, वर तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण, टोकाला मात्र शिसं उघडं. जनावराच्या अंगात शिरली की टोक चेपतं आणि छत्रीसारखं पसरतं, गोळी जवळजवळ दुप्पट रुंद होते. तिला ‘स्फोटक गोळी’ लिहिणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. स्फोट जो व्हायचा तो मागे पुंगळीत होऊन गेलेला असतो.

आता सॉलिड. शिकाऱ्याच्या भाषेत सॉलिड म्हणजे न पसरणारी गोळी. बस्स, एवढंच. जोर, वजन, कशाची बनली आहे, यातलं काहीही त्या शब्दात नाही. गंमत म्हणजे जुन्या सॉलिड गोळ्या एकसंध नसायच्याच. त्यांच्याही पोटात शिसंच असे, फक्त जाड आवरण टोकावरून पुढे पूर्ण बंद केलेलं असे. हत्तीचा मेंदू कवटीत खूप मागे असतो आणि त्याच्यापुढे मधाच्या पोळ्यासारखं पोकळ कप्प्यांचं हाड असतं. पसरणारी गोळी त्या हाडातच अडकून बसते. सॉलिड सरळ आरपार जायला हवी, म्हणून तिचं नाक गोल किंवा चपटं ठेवतात.

खरा घोटाळा पुढे आहे. आज बाजारात अख्ख्या तांब्याच्या, शिशाचा कणही नसलेल्या गोळ्या मिळतात. त्या धातूने एकसंध, म्हणजे शब्दशः सॉलिड. पण त्यांच्या टोकाला खोल भोक असतं. आत शिरताच ते टोक पाकळ्यांसारखं उलगडतं. म्हणजे काम सॉफ्ट नोजचं! बार्न्स कंपनीची ‘एक्स’ १९८९ सालची, तेव्हापासून हा प्रकार रुळला. कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर १ जुलै २०१९ पासून पूर्ण बंदी आली, कारण शिकारीचे अवशेष खाऊन काँडॉर गिधाडं शिशाच्या विषबाधेने मरत होती. तिथला शिकारी तांब्याची गोळी घेऊन हरणामागे जातो. ते वाचून कोणी म्हणालं की ‘तिकडे हरणाला सॉलिड मारतात’, तर समजावं की धातू पाहिला, टोक पाहिलंच नाही. उलट, पितळाची भोक नसलेली एकसंध गोळी मात्र खरोखरची सॉलिड.

दुसरी तोतया म्हणजे लष्करी गोळी. आवरण पूर्ण, पसरतही नाही, म्हणून ती सॉलिड? नाही. तिचं टोक अणकुचीदार, आवरण पातळ, आणि अंगात शिरल्यावर ती आडवी फिरते. हत्तीसाठी हवा सरळ मार्ग, तो हिच्याकडून मिळत नाही. हरणालाही ती नको. ब्रिटनमध्ये तर कायद्यानेच हरणासाठी पसरणारी गोळी लागते. नेमकी हीच पसरणारी गोळी युद्धात वापरायला १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने मनाई केली. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातली ती ‘डमडम’, आठवली?

कॅलिबरवरून, म्हणजे नळीच्या व्यासावरून, भांडणाऱ्यांसाठी एक जोडी सांगतो. जिम कॉर्बेटना १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल भेट मिळाली ती .२७५ रिग्बी रायफल. डब्ल्यू. डी. एम. बेलने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, त्यांतले कितीतरी याच .२७५ ने. नळीचा व्यास तोच! बेलच्या नळीत लांबट, जड सॉलिड गोळी असायची आणि मेंदू नेमका कुठे आहे ते त्याला पाठ होतं. त्याच सॉलिडने हरण मारायला गेलं तर गोळी पेन्सिलीएवढं भोक पाडून पलीकडे जाते आणि जनावर कुठेतरी झाडीत तडफडत राहतं.

सॉफ्ट नोजचाही एक दोष सांगायला हवा. जवळून, अतिवेगाने, खांद्याच्या हाडावर बसली तर ती तिथेच चुरा होते. चिखलाने माखलेल्या एका मूसवर (उत्तरेकडचं भलंमोठं हरण) असा अनुभव आल्यावर जॉन नॉस्लरने गोळीच्या मधोमध तांब्याची आडभिंत घातली. पुढचा भाग पसरतो, मागचा तसाच आत घुसतो. १९४८ पासून ती ‘पार्टिशन’ विकली जाते, आणि प्लॅस्टिकच्या रंगीत टोकांच्या आजच्या दिमाखदार गोळ्यांपेक्षा मला तीच पटते.

राहिली आफ्रिकी म्हैस. .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) रायफल घ्यायची, ३०० ग्रेनची, म्हणजे साधारण साडेएकोणीस ग्रॅमची गोळी. जुनी पद्धत अशी की पहिली गोळी सॉफ्ट, पुढच्या सगळ्या सॉलिड. पहिली गोळी झाडताना म्हैस कळपात असते आणि सॉलिड आरपार जाऊन मागच्या म्हशीला लागू शकते. जखमी होऊन ती पाठ फिरवून पळू लागली की मागून पोट ओलांडून छातीपर्यंत पोचायचं असतं, तिथे सॉलिडच लागते.