जुना ट्रान्समीटर चालवायचा की नाही? 72 मेगाहर्ट्झची पार्श्वभूमी

अमेरिकेत गॅरेज सेलला गेलं की मॉडेल विमान रेडिओने चालवण्याचा जुना सेट, म्हणजे ट्रान्समीटर, कधीतरी हाती लागतोच. पत्र्याचा जड खोका, दोन स्टिक, ओढत नेली तर मीटरभर लांब होणारी अँटेना आणि तिच्या टोकाला बांधलेली रंग उडालेली फीत. दहा-पंधरा डॉलरमध्ये मिळतो. घरी आणून बॅटरी बदलली की दिवा लागतो, आणि मग प्रश्न पडतो: याच्यावर विमान उडवलं तर ते कायद्यात बसतं का? सेट किती जुना आहे, यावरून उत्तर ठरत नाही. मागच्या पट्टीवर छापलेला फ्रिक्वेन्सीचा आकडा आधी वाचावा लागतो, आणि तो आकडा कुठून आला हे कळायला बरंच मागे जावं लागतं.

1937 साली मिशिगनमधल्या कॅलमाझू इथे वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी ‘गफ’ नावाचं मॉडेल विमान रेडिओवर उडवलं. त्या काळी त्यासाठी हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओचालक, असावंच लागे. परीक्षा आणि मोर्स कोड यांच्याशिवाय हवेत सिग्नल सोडायची परवानगीच नव्हती. पन्नासच्या दशकात एफसीसीने, म्हणजे तिथल्या संघीय दळणवळण आयोगाने, 27.255 मेगाहर्ट्झ ही फ्रिक्वेन्सी परीक्षेविना खुली केली आणि हा छंद सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. 1958 मध्ये तिच्या जोडीला आणखी पाच फ्रिक्वेन्सी मिळाल्या. पण त्याच वेळी त्याच पट्ट्यात सिटिझन्स बँडही (सीबी, म्हणजे सामान्य लोकांनी आपसात बोलायचा रेडिओ) आला. मॉडेलवाल्यांची 26.995 सीबीच्या तिसऱ्या आणि चौथ्या चॅनेलच्या मधोमध, आणि 27.255 तर थेट सीबीचं 23वं चॅनेल. सत्तरच्या दशकात ट्रकवाल्यांनी सीबी डोक्यावर घेतला तेव्हा हायवेजवळच्या मैदानांवर काय होत असेल, याची कल्पना करता येते. रस्त्यावरून कोणीतरी माइक दाबायचा आणि महिनोन्महिने खपून बांधलेलं विमान नाक खाली घालून जमिनीकडे यायचं.

साठच्या दशकाच्या मध्यावर 72 मेगाहर्ट्झचा पट्टा मिळाला, तो यावरचा खरा उतारा होता. टीव्हीचं चौथं चॅनेल 72 ला संपतं, पाचवं 76 ला सुरू होतं; मधल्या त्या फटीत मॉडेलवाल्यांना जागा मिळाली. आकडे सातच: 72.08, 72.16, 72.24, 72.32, 72.40, 72.96 आणि 75.64. प्रत्येकाची दोन रंगांची फीत ठरलेली, त्यात एक पांढरी. मैदानावर एक फळी असे आणि तिला कपड्यांचे चिमटे लावलेले. आपल्या फ्रिक्वेन्सीचा चिमटा हातात आल्याशिवाय कोणी सेटचा खटका दाबत नसे. ही शिस्त मला फार मोलाची वाटते, कारण एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन सेट चालू झाले तर हवेतलं विमान गेलंच समजायचं.

सात आकडे पुरेनासे झाले. 1982 मध्ये एफसीसीने नवी आखणी मंजूर केली: विमानांना 72 वर 50 चॅनेल, गाड्या आणि बोटींना 75 वर 30. ही टप्प्याटप्प्याने, 1991 पर्यंत पूर्ण अमलात आली. दोन चॅनेलमधलं अंतर 20 किलोहर्ट्झ, आणि त्यांच्या अगदी मध्ये, म्हणजे 10 किलोहर्ट्झवर, परवानाधारक व्यावसायिक स्टेशनं. इतक्या दाटीत जुन्या सेटचं पसरट प्रक्षेपण चालणं शक्यच नव्हतं. जुना नियम फ्रिक्वेन्सीत 0.005 टक्के ढळ चालवून घ्यायचा, म्हणजे 72 वर 3.6 किलोहर्ट्झ. नव्या नियमाने ती 0.002 टक्क्यांवर आणली, म्हणजे जेमतेम 1.44. 1 मार्च 1992 पासून बनलेल्या किंवा आयात झालेल्या सेटना हे बंधन लागू झालं, 1 मार्च 1993 पासून विकल्या जाणाऱ्यांना, आणि 1 मार्च 1998 पासून वापरात असलेल्या प्रत्येक सेटला. घरातला सेट बदलायला लोकांना पुरेशी वर्षं दिली, हे आयोगाने चांगलं केलं. अनेकांनी सेट दुरुस्तीवाल्याकडे पाठवून नॅरो-बँड, म्हणजे अरुंद पट्ट्यात प्रक्षेपण करणारे, करून घेतले. नव्या नियमात बसणाऱ्या सेटवर सोनेरी स्टिकर लागे.

तेव्हा पट्टी वाचताना शेवटचा अंक बघा. नव्या आखणीतले सगळे आकडे विषम आहेत: 72.01, 72.03, असे 72.99 पर्यंत. जुने सातही सम, आणि ते सगळे यादीतून गेले. पट्टीवर 72.08 किंवा 72.40 असेल तर तो सेट कपाटात शोभेला ठेवा, चालू करू नका. 72 वरचा आकडा विषम असून सेट नॅरो-बँड असेल तर तो आजही पूर्ण कायदेशीर आहे. केवळ जुना म्हणून टाकून देणाऱ्यांची मला हळहळ वाटते. 27 मेगाहर्ट्झवर 0.005 टक्क्यांचीच मर्यादा राहिली, त्यामुळे नीट चालणारा जुना सेट तिथे अजूनही चालतो. 50 आणि 53 चे सेट मात्र हॅम परवाना असलेल्यांनीच वापरायचे. आणि सेटची फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल स्वतः उपसून दुसरा बसवू नका. ट्रान्समीटरची मान्यता त्याच्या आतल्या मांडणीसकट दिलेली असते.

2005 नंतर 2.4 गिगाहर्ट्झचे सेट आले. ते रिकामी जागा स्वतःच शोधतात, म्हणून चिमट्यांच्या फळीची गरज उरली नाही. 72 वर उडवणाऱ्याने मात्र मैदानावर सगळ्यांना विचारूनच खटका दाबावा. आणि हा सेट बॅगेत घालून पुण्याला आणणार असाल तर तिथे एफसीसीचा नियम लागू नाही. भारतात परवान्याविना काय चालतं याची यादी वेगळी आहे, 2.4 गिगाहर्ट्झ त्यात 2005 पासून आहे.