‘सिव्हिल पोलीस चौकीत नोंद झाली आहे’: अनैसर्गिक मृत्यूंच्या नोंदींची पार्श्वभूमी

सोलापूरच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर रोज दोन-तीन छोट्या बातम्या असतात. कुणी विष प्यायलेलं, कुणी विहिरीत सापडलेलं, कुणी भाजलेलं. शेवटचं वाक्य ठरलेलं: ‘या घटनेची नोंद सिव्हिल पोलीस चौकीत झाली असून कारण समजू शकले नाही.’ मी स्वतः काही वर्षं अशा बातम्या लिहिल्या. सिव्हिल म्हणजे सरकारी रुग्णालय, तिथल्या पोलीस चौकीतल्या वहीतून नाव, वय, गाव आणि वेळ उतरवून घ्यायची, की पुढच्या नावाकडे वळायचं. ‘कारण समजू शकले नाही’ हे शब्द इतक्या वेळा लिहिले की ते खटकायचेच बंद झाले. आज खटकतात. एकेका मृत्यूची नोंद तीन-चार दप्तरांत होते. तरीही असे मृत्यू टाळायचे कसे, हे सांगणारं दप्तर त्यांत एकही नाही. याची मुळं दीडशे वर्षं मागे जातात.

पहिलं दप्तर पोलिसांचं. 1867 च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्यानं पोलीस पाटलावर एक काम सोपवलं. गावात कुणी अचानक किंवा अनैसर्गिकरीत्या दगावलं, प्रेत सापडलं, तर गावातली दोन किंवा अधिक जाणती माणसं जमवून पंचनामा करायचा. त्या जागी 1967 साली महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम आला, तेव्हाही ही जबाबदारी कायम राहिली. मुंबई शहराला 1871 च्या कायद्याखाली वेगळा कोरोनर, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, होता, पण सोलापूरसारख्या जिल्ह्यांत चौकशी पोलिसांकडेच राहिली. पुढे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम 174 आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम 194, असे आकडे बदलले. मूळ प्रश्न मात्र तोच राहिला: घातपात आहे का? नसेल तर अकस्मात मृत्यूचा कागद मिटवायचा. गुन्हेगार शोधायला हा प्रश्न बरोबरच आहे. पण विष प्यायलेल्या पोरानं ती बाटली कुठून आणली आणि दवाखान्यात पोचायला किती वेळ गेला, हे या प्रश्नाच्या कक्षेत येत नाही.

या चौकटीत मोठी भर पडली ती 1983 मध्ये. हुंड्यापायी होणाऱ्या मृत्यूंविरुद्ध देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या होत्या. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत विवाहिता संशयास्पद रीतीनं दगावली, तर दंडाधिकाऱ्याकडून चौकशी आणि शवविच्छेदनाची तरतूद त्या वर्षी कायद्यात आली. 1986 मध्ये हुंडाबळीचं कलम 304-ब आलं. त्यामुळे जळीत वॉर्डात मृत्यूपूर्व जबाब घ्यायला नायब तहसीलदार येऊ लागले. असा एक जबाब मी वॉर्डाच्या दाराशी उभा राहून ऐकला आहे. बाई म्हणत होती, “स्टोव्हचा भडका उडाला.” उशाशी सासू उभी होती. कागदावर भडका लिहिला गेला आणि वहीत तो मृत्यू अपघातात गेला. खरं काय होतं ते मला माहीत नाही. पण त्या कागदात सासू उभी असल्याची नोंद नव्हती, हे मला माहीत आहे.

दुसरं दप्तर आरोग्याचं. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 चा. रुग्णालयात मृत्यू झाला की डॉक्टर ‘नमुना 4’ भरतात. त्यात मृत्यूच्या कारणाच्या ओळी आहेतच, शिवाय मृत्यूचं स्वरूप विचारलेलं असतं: नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, खून की तपास प्रलंबित. आणि त्यापुढे एक प्रश्न, ‘इजा कशी झाली?’ प्रतिबंधाच्या दृष्टीनं या सगळ्या कायद्या-कागदांत मला हीच ओळ सर्वांत मोलाची वाटते. रात्रपाळीचा डॉक्टर, पुढे रांग, बाहेर नातेवाइकांचा आक्रोश, अशा घाईत तीच कोरी राहते. कारणाच्या ओळीत ‘हृदयक्रिया व श्वसन बंद’ लिहिलं जातं, म्हणजे माणूस मेला एवढंच त्यातून कळतं. देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरी प्रमाणपत्रासह कारण नोंदलेले मृत्यू 2020 साली जेमतेम 22 टक्क्यांच्या आसपास होते.

सोलापुरात आणखी एक गुंता आहे. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा तर सोडाच, धाराशिव जिल्ह्यातले आणि सीमेपलीकडचे कर्नाटकातले रुग्णही इथल्या सिव्हिलमध्ये येतात. मृत्यूची नोंद कायद्यानं जिथं मृत्यू झाला तिथं होते, म्हणजे सोलापूर महापालिकेत. पोलिसांचे कागद मात्र सिव्हिल चौकीतून शून्य क्रमांकानं, म्हणजे चौकीचा स्वतःचा क्रमांक न पडता, जिथं घटना घडली त्या ठाण्याकडे जातात. एकच माणूस महापालिकेच्या वहीत सोलापूरचा आणि पोलिसांच्या वहीत तुळजापूरचा. त्याच्या ग्रामपंचायतीच्या मृत्यू रजिस्टरात तो नसतोच. गावच्या आशाताईंनी आपल्या गावात वर्षभरात विषानं किती जण गेले हे रजिस्टरात शोधलं, तर हाती काही लागणार नाही.

तिसरं दप्तर तहसीलचं. मृत व्यक्ती शेतकरी असेल तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जातं आणि मदतीला ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतं. इथं पाहिला जातो सातबारा आणि कर्ज. ज्या बाईनं आयुष्यभर रान कसलं पण सातबाऱ्यावर जिचं नाव नाही, तिचा मृत्यू या दप्तरात शेतकऱ्याचा ठरायला अडचण येते.

या सगळ्यांतून देशाला आकडे मिळतात ते मुख्यतः पोलिसांच्या वहीतून. अपघाती मृत्यू व आत्महत्यांचा वार्षिक अहवाल 1967 पासून निघतो, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग 1986 मध्ये स्थापन झाल्यावर तो त्या विभागाकडे आला. 2022 च्या अहवालांनुसार देशात 28,522 खून झाले, तर आत्महत्या 1,70,924, म्हणजे सहापट. त्यांतल्या 22,746 महाराष्ट्रात, सर्व राज्यांत जास्त. चर्चा मात्र खुनांचीच होते. आत्महत्येच्या कारणांत ‘कौटुंबिक समस्या’ पहिल्या क्रमांकावर आहे. पण तो रकाना हवालदारानं घाईत निवडलेला असतो, आणि एका माणसाचं दुःख एका रकान्यात मावत नाही.

ही मोजणी तोकडी पडते हे संशोधकांनी दाखवून दिलं. ‘मिलियन डेथ स्टडी’ या देशव्यापी अभ्यासात प्रशिक्षित माणसांनी घरोघर जाऊन मृत्यूची हकिगत विचारली. त्या आधारे 2010 सालच्या आत्महत्यांचा अंदाज सुमारे 1,87,000 निघाला. पोलिसांचा त्या वर्षीचा आकडा होता 1,34,599. भाजून झालेल्या मृत्यूंत दरी याहून भयंकर निघाली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2009 साली आलेल्या अभ्यासानुसार 2001 या एका वर्षात देशात 1,63,000 हून जास्त माणसं आगीनं दगावली. पोलिसांच्या आकड्याच्या सहापट. त्यांत सुमारे 1,06,000 स्त्रिया, बहुतेक 15 ते 34 वयाच्या. एका वर्षात एवढ्या बायका, बहुतेक तरुण, आगीनं गेल्या आणि पोलिसांच्या आकड्यांत त्यांतल्या बहुतेक दिसत नव्हत्या. हे वाचलं तेव्हा मला वॉर्डातली ती उशाशी उभी सासू आठवली.

आकडे नीट लावले की काय होतं, याचे दाखले बाहेर आहेत. कोलंबियातल्या काली शहरात 1992 मध्ये महापौर झालेले रॉद्रिगो गेरेरो मुळात साथरोगतज्ज्ञ. त्यांनी पोलीस, न्यायवैद्यक आणि आरोग्य खातं यांना दर आठवड्याला एका टेबलाशी बसवून मृतांच्या याद्या जुळवून घेतल्या. खून शनिवार-रविवारी, सुटीला आणि पगाराच्या दिवसांत वाढतात हे दिसल्यावर त्या दिवसांत बंदूक घेऊन बाहेर फिरायला बंदी आली, आणि त्या काळात खून कमी झाल्याचं पुढच्या अभ्यासात दिसलं. अमेरिकेनं 2002 मध्ये सहा राज्यांत मृत्यू प्रमाणपत्र, शवविच्छेदन आणि पोलीस तपास हे तिन्ही कागद नाव वगळून एकत्र लावायला सुरुवात केली. 2018 पर्यंत ती पद्धत सर्व राज्यांत पोचली.

पण आपल्या सर्वांत जवळचा दाखला श्रीलंकेचा. 1995 मध्ये तिथं आत्महत्यांचं प्रमाण लाखामागे 47 होतं. डॉक्टरांनी फवारणीच्या कोणत्या औषधानं किती रुग्ण दगावतात हे मोजलं, आणि सरकारनं सर्वांत जहाल कीटकनाशकं एकेक करून बंद केली. दहा वर्षांत प्रमाण निम्म्यावर आलं आणि शेतीचं उत्पन्न घटल्याचं दिसलं नाही. तिथल्या शेतकऱ्याचं दुःख त्या दहा वर्षांत निम्मं झालं नव्हतं. पण रागाच्या किंवा निराशेच्या त्या घटकेला हाताशी आलेलं औषध कमी विषारी होतं, म्हणून माणूस दवाखान्यातून घरी परत आला. डाळिंब, द्राक्ष आणि उसाच्या या जिल्ह्यात, जिथं फवारणीचं औषध घराच्या कोनाड्यात किंवा गोठ्याच्या आढ्याला असतं, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

आपल्याकडेही काही हललं आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 मुळे आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षेचं भय जवळपास उरलं नाही, आणि नव्या न्याय संहितेत जुनं कलम 309 नाही. या कलमाच्या धास्तीनं घरचे ‘चुकून प्यायला’ असं सांगत, आणि वहीत अपघात लिहिला जाई. ऑक्टोबर 2022 मध्ये 14416 ही मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस हेल्पलाइन सुरू झाली. त्याच वर्षी आलेल्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणानं 2030 पर्यंत हे मृत्यू 10 टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं. 2023 च्या दुरुस्तीनं जन्म-मृत्यूच्या नोंदी राष्ट्रीय पातळीवर एकत्र येऊ लागल्या आहेत.

सोलापुरात लागणारी बरीचशी माहिती आधीच लिहिलेली आहे. बाटलीवरचं नाव पंचनाम्यात असतं. रुग्ण किती वाजता दाखल झाला ते केसपेपरवर, आजारपण आणि भांडण जबाबात, कर्ज तहसीलच्या फायलीत. व्हिसेऱ्याचा, म्हणजे शवविच्छेदनात तपासणीसाठी काढलेल्या अवयवांचा, अहवाल महिन्यांनी येतो आणि पोलिसांच्या कागदाला लागतो. ‘नमुना 4’ वर मात्र तोवर ‘तपास प्रलंबित’ असंच असतं, आणि ‘इजा कशी झाली?’ ची ओळ कोरी.