हरितगृह वायू उत्सर्जन मोजणी

एखादं शहर, कारखाना नाहीतर अख्खा देश वर्षभरात किती कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड वगैरे उष्णता अडवून ठेवणारे वायू हवेत सोडतो त्याचा हिशोब म्हणजे हरितगृह वायू उत्सर्जन मोजणी. मोजणी म्हटलं की वाटतं प्रत्येक धुराड्यावर मीटर बसवलाय, पण तसं नसतं, बरंचसं काम गुणाकाराचंच आहे. इंधन किती जळलं ते घ्यायचं नि उत्सर्जन गुणकाने गुणायचं. लिटरभर डिझेलला साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. घरातला १४.२ किलोचा सिलिंडर संपला की ४० किलोच्या वर, आता १४ चे ४० झाले कसे तर गॅसमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, वजन त्याचं वाढतं. विजेचा गुणक केंद्रीय विद्युत प्राधिकरण काढतं, तो सध्या युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास आहे, म्हणजे लाइटबिलावर २५० युनिट दिसली तर पावणेदोनशे किलो धरा.

सगळे वायू एका मापात आणायला 'कार्बन डायऑक्साइड समतुल्य' वापरतात. वजनाला वजन धरलं तर मिथेन १०० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो, २० वर्षांच्या हिशोबात ८० पटीच्या घरात. म्हणजे काळ कुठला धरला त्यावर मिथेन सोडणारा गोठा, भातशेती नि कचरा किती दोषी ते ठरतं!

मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला, त्यात २०१९ चं उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन, माणशी १.८ टन धरलंय. आपण शिव्या घालतो गाड्यांना, पण वाहतुकीचा वाटा २० टक्केच, ७२ टक्के ऊर्जेचा, त्यातही मुख्यतः इमारतींत जळणारी वीज, आणि ती जवळपास सगळी कोळशाची. हिशोब केल्याचा फायदा तो हाच, आधी हात कुठे घालायचा ते कळतं. इलेक्ट्रिक बस आणल्या तरी ग्रिडमध्ये (वीज पुरवणाऱ्या तारांच्या जाळ्यात) कोळशाचीच वीज असेल तर धूर फक्त जागा बदलतो (डिझेलचा काळा लोट नाकात जात नाही हे मात्र खरं).

हद्दीचा प्रश्न वेगळाच. मुंबईत ट्रॉम्बेतल्या वीज प्रकल्पाचा धूर शहरातच निघतो, पण ती वीज ग्रिडला जात असेल तर शहराच्या बेरजेत ती वापरणाऱ्याच्या नावावर धरतात, नाहीतर एकच धूर दोनदा मोजला जाईल. बाहेरून येणारं सिमेंट, स्टील हे तर बरीच शहरं धरतच नाहीत, आकडा छोटा दिसायला बरंय म्हणा.

सगळ्यात किचकट कचरा. मुंबईत त्याचा वाटा ८ टक्के. देवनारच्या डंपिंग ग्राउंडवर १९२७ पासून कचरा पडतोय, ओला कचरा आत हवेविना कुजतो नि वर्षानुवर्षं मिथेन सोडत राहतो. एका पद्धतीत आज टाकलेल्या कचऱ्यातून पुढे निघणारा सगळा मिथेन आजच्याच खात्यात मांडतात, दुसरीत वीस वर्षांपूर्वीच्या कचऱ्यातून यंदा जेवढा निघाला तेवढाच यंदा धरतात. दोन शहरांची तुलना करायची तर आधी कुणी कुठली पद्धत घेतलीय ते बघावं लागतं.