कॉम्रेड्समध्ये बायका १९७५ पासून धावू लागल्या? नाही!
दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमॅरिट्झबर्ग आणि डर्बन या शहरांमधली सुमारे ९० किलोमीटरची कॉम्रेड्स मॅरेथॉन १९२१ पासूनची. १९७५ पर्यंत तिच्यात ना बाई धावली ना कृष्णवर्णीय, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. साफ चूक! १९७५ साली त्यांना अधिकृत प्रवेश मिळाला, इतकंच. धावणारे आधीच धावले होते, आणि त्यांचं श्रेय असं पुसलं जाणं मला अन्यायाचं वाटतं.

१९२३ मध्ये फ्रान्सेस हेवर्ड यांचा अर्ज नाकारला गेला. तरी त्या धावल्या, ११ तास ३५ मिनिटांत पोहोचल्या. पदक अर्थातच नाही. पण प्रेक्षक आणि सहधावपटूंनी त्यांना चांदीचा टी-सेट भेट दिला. १९३५ मध्ये कृष्णवर्णीय धावपटू रॉबर्ट म्त्शाली यांनीही शर्यत पूर्ण केली, तीही अनधिकृतपणेच.