शोकांत ब्रॉडसाइड बॅलड

कागदाच्या एकाच बाजूला छापून पेनी-अर्ध्या पेनीला विकल्या जाणाऱ्या इंग्रजी कथागीतांपैकी खून, विश्वासघात, फसवलेली प्रेयसी आणि फाशी यांभोवती फिरणाऱ्या गीतांचा हा वर्ग होय. हा प्रकार सोळाव्या शतकापासून रूढ होता. अठराव्या शतकात लंडनच्या डायसी घराण्याच्या छापखान्याने जुनी गीते पुन्हापुन्हा छापली आणि फेरीवाल्यांनी ती खेडोपाडी नेली. स्वरलिपी बहुधा नसे, कारण चाल लोकांच्या तोंडी असे. चित्राचा लाकडी ठसाही जुनाच, कधी कथेशी फारसा संबंध नसलेला असे.

फाशीच्या कैद्याच्या तोंडी घातलेली पश्चात्तापाची पद्ये आणि ‘अखेरचे निवेदन’ त्याचा जीव जाण्याआधीच छापून तयार असत. चित्रकार हॉगार्थच्या १७४७ मधील चित्रमालिकेत टायबर्न या लंडनच्या फाशीच्या जागेकडे निघालेल्या गाडीत टॉम आयडल हा कैदी अजून जिवंत आहे आणि पुढे एक बाई त्याचेच निवेदन ओरडून विकते आहे.

तरीही या गीतांतील दुःखाला निव्वळ धंदा म्हणून मोडीत काढता येत नाही. ‘द चिल्ड्रन इन द वुड’मध्ये काकाने मारेकऱ्यांच्या हाती दिलेली दोन पोरकी मुले रानात एकमेकांच्या मिठीत प्राण सोडतात आणि रॉबिन पक्षी त्यांना पानांनी झाकतो. १७११ मध्ये ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकातून निबंधकार अ‍ॅडिसनने या गीताच्या साधेपणाची बाजू घेतली, तेव्हा सुशिक्षितांना त्याचे नवल वाटले. वेश्येच्या नादी लागून मालकाला लुबाडणाऱ्या आणि काकाचा खून करणाऱ्या जॉर्ज बार्नवेल या शिकाऊ नोकराच्या बॅलडवर नाटककार लिलोने ‘द लंडन मर्चंट’ हे नाटक रचले. १७३१ मधील पहिल्या प्रयोगाला काही प्रेक्षक थट्टा करण्यासाठी मूळ बॅलडच्या प्रती घेऊन आले, पण अखेर प्रती टाकून त्यांनी रुमाल काढले, अशी आठवण नट थिओफिलस सिबरच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या चरित्रग्रंथात आहे. व्यापाऱ्याच्या नोकराची शोकांतिका रंगमंचावर गंभीरपणे मांडता येते, हे यातून दिसले. यामागे बॅलडचा वाटा मोठा होता, असे म्हणावे लागते.

‘द गॉस्पोर्ट ट्रॅजेडी’मध्ये जहाजावरचा सुतार गरोदर प्रेयसीसाठी आधीच खड्डा खणून ठेवतो आणि खुनानंतर तिचे भूत जहाजावर येते. हीच कथा अमेरिकेतील अ‍ॅपलाचियन डोंगराळ भागात ‘प्रिटी पॉली’ या नावाने टिकली; तेथील बहुतेक पाठांतून जहाज आणि भूत गळाले, पण आदल्या रात्री खणलेली कबर मात्र राहिली.