एका संगणकावर एकाच सॉफ्टवेअरच्या अनेक प्रती

एकच प्रोग्रॅम एका संगणकावर दोन किंवा अधिक वेळा असा बसवणे, की त्या प्रती एकमेकींच्या आड येणार नाहीत. जुनी आवृत्ती हातची न सोडता नवी पाहायची असते, किंवा एखादा जुना प्रोजेक्ट नव्या आवृत्तीवर चालतच नाही, तेव्हा याची गरज पडते.

फोल्डर वेगळा दिला की काम झाले, असे वाटते. खरी अडचण फोल्डरबाहेर असते. विंडोजवरचे बरेच प्रोग्रॅम आपली सेटिंग्ज रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या सामाईक नोंदवहीत) किंवा वापरकर्त्याच्या फोल्डरात ठरलेल्या नावाने ठेवतात. दोन्ही प्रती तीच जागा वाचतात, आणि नवीने तिथे लिहिलेले जुनीला कळेनासे होते. प्रोग्रॅम बसवणारा विंडोज इन्स्टॉलर तर प्रॉडक्ट कोडवरून, म्हणजे पॅकेजमधल्या ओळखक्रमांकावरून, प्रोग्रॅम ओळखतो. तेच पॅकेज पुन्हा चालवले तर सहसा दुसरी प्रत बसत नाही. दुरुस्त करा नाहीतर काढून टाका, एवढेच पर्याय समोर येतात.

डेटाबेस सर्व्हरमध्ये ही ओढाताण उघड दिसते. मायएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरचा नेहमीचा पोर्ट, म्हणजे जोडण्या स्वीकारण्याचा क्रमांक, ३३०६. दुसरी प्रत तशीच सुरू केली, तर पोर्ट आधीच वापरात असल्याचा एरर देऊन ती बंद पडते. तिला ३३०७ दिला तरी डेटाचा फोल्डर वेगळा हवाच. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस सर्व्हर आपल्या डेटा फोल्डरात पोस्टमास्टर डॉट पीआयडी नावाची फाइल ठेवतो आणि त्याच फोल्डरावर येऊ पाहणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरला अडवतो. ही फाइल मागे राहिलेला कचरा समजून पुसणारे महाभाग असतात. पहिला सर्व्हर चालू असेल, तर ते डेटाच्या मुळावर येते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरने २००० च्या आवृत्तीपासून ‘नेम्ड इन्स्टन्स’, म्हणजे वेगळ्या नावाने चालणाऱ्या प्रती, देऊन हा प्रश्न अधिकृतपणे सोडवला.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचे दुखणे निराळे. तिथे प्रती सुखाने नांदतात, पण नुसते नाव टाइप केल्यावर त्यांतली कोणती चालेल, हे पाथमधला, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांच्या यादीतला, क्रम ठरवतो: ज्या फोल्डराचा नंबर आधी, त्यातली प्रत. पॅकेजांची, म्हणजे पायथनच्या जोडीला बसवलेल्या तयार कोडची, सरमिसळ टाळायला २०१२ च्या ३.३ आवृत्तीत व्हेन्व हे साधन आले. ते पायथनची नवी आवृत्ती बसवत नाही, आहे त्याच पायथनवर पॅकेजांचा वेगळा संसार थाटून देते. निक्स हा पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअर बसवणारा प्रोग्रॅम) मुळातच प्रत्येक पॅकेज नावात हॅश (गणिताने काढलेला ओळखीचा कोड) असलेल्या स्वतंत्र फोल्डरात ठेवतो, त्यामुळे एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या समोरासमोर येतच नाहीत.

फायरफॉक्स ब्राउझरमध्ये प्रत्येक प्रतीला स्वतःचे प्रोफाइल, म्हणजे सेटिंग्ज आणि बुकमार्क ठेवणारा फोल्डर, २०१९ च्या ६७ व्या आवृत्तीपासून आपोआप मिळते. त्याआधी ते हाताने नेमून द्यावे लागे.