वाटपापासून वाट्यापर्यंत : पुणे जिल्ह्यातील ग्रामविकास संस्थांच्या कामाची पार्श्वभूमी

पुण्यातील एखादी संस्था जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात काम सुरू करते, तेव्हा तिने 'गाव दत्तक घेतले' असे आजही सर्रास म्हटले जाते. हा शब्दप्रयोग मला नेहमीच खटकत आला आहे. दुष्काळात किंवा अडचणीत जे दिले जाते ते वाटप; आणि पाण्यात, पैशांत वा निर्णयात ज्याच्यावर माणूस हक्क सांगू शकतो तो वाटा. या जिल्ह्यातील स्वयंसेवी कामाचा दीडशे वर्षांचा प्रवास पाहिला, तर ज्या कामांनी गावात मूळ धरले त्यांत गावकऱ्यांचा वाटा आधी ठरलेला होता, असे दिसते.

या प्रवासाची सुरुवात दुष्काळापासून करावी लागते. सह्याद्रीचा घाटमाथा पावसाने न्हाऊन निघतो आणि तिथून पूर्वेला काही कोसांवर पुरंदर, बारामती, दौंड, इंदापूर, शिरूर हे तालुके पर्जन्यछायेत कोरडे राहतात. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये जो भीषण दुष्काळ पडला, त्यात १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून ती सरकारपुढे मांडली. सावित्रीबाई फुले यांनी २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात जुन्नर भागातील हालअपेष्टांचे वर्णन आहे, आणि सत्यशोधक कार्यकर्त्यांनी त्या काळात उपाशी मुलांसाठी अन्नाची सोय केली होती. हे वाटप होते आणि ते अत्यंत गरजेचे होते. पुढे १८८३ मध्ये जोतीरावांनी मात्र वेगळीच मागणी लेखी मांडली : सरकारने आपल्या लष्करातील व पोलिसांतील माणसांकडून ताली आणि बंधारे बांधून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरेल. पाणलोट विकासाची, म्हणजे पावसाचे पाणी अडवून जमिनीत जिरवण्याच्या कामाची, बीजे शोधणाऱ्याने तिथपर्यंत मागे गेले पाहिजे.

१८९६-९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते खेड्यांत फिरले आणि पीक बुडाले असेल तर सारा तहकूब किंवा माफ करून मागण्याचा अधिकार सरकारच्याच दुष्काळविषयक नियमांत आहे, हे त्यांनी शेतकऱ्यांना मराठीतून समजावून सांगितले. नियम गावाच्या भाषेत गावाच्या हाती देणे हेच काम होते. सरकारला ते रुचले नाही आणि १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेण्यात आली.

महात्मा गांधी मार्च १९४६ मध्ये उरुळी कांचनला आले आणि तेथे निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. त्यांच्यासोबतचे तरुण कार्यकर्ते मणिभाई देसाई गावातच राहिले आणि त्यांनी आयुष्य त्या परिसराला दिले. शेती, गोपालन आणि शिक्षण यांतील अनुभवातून त्यांनी १९६७ मध्ये 'बाएफ' (भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन) ही संस्था उभी केली. जातिवंत वळूचे वीर्य गोठवून साठवणे आणि कृत्रिम रेतनाची सेवा थेट शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत पोहोचवणे ही त्या संस्थेच्या कामाची मुख्य ओळख ठरली. मणिभाईंना १९८२ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्यांच्या कामातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती म्हणजे गावात राहण्याचा कालावधी. दोन-तीन वर्षांचे नियोजन घेऊन ते उरुळीला आलेले नव्हते.

याच काळात सरकारी बाजूने २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, बलवंतराय मेहता समितीच्या १९५७ च्या अहवालानंतर पंचायत राज्याचा आराखडा आला आणि महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. गावात ग्रामसेवक आणि विस्तार अधिकारी आले. निर्णय मात्र बहुतांशी वरूनच येत राहिले.

खरे वळण आले ते १९७२ च्या दुष्काळाने. राज्यभर दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाखांपर्यंत गेली. रस्त्याकडेला खडी फोडणारी कुटुंबे आणि मुलांच्या ताटलीत पडणारी सुकडी, म्हणजे मदत म्हणून वाटला जाणारा पौष्टिक आहार, ही त्या पिढीची न पुसली जाणारी आठवण आहे. त्यातले कित्येक मजूर स्वतः जमिनीचे मालक होते, आणि हीच गोष्ट पुण्यातील अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे यांच्या मनाला लागली. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानाची सुमारे ४० एकर उजाड जमीन त्यांनी ५० वर्षांच्या कराराने घेतली, १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठानची स्थापना केली, आणि पत्नी कल्पनाताईंसह त्या माळरानावर मुक्काम करून बांधबंदिस्ती, पाझर तलाव, त्याखाली विहीर आणि तेथून वर पाणी उचलून शेताला देणे असा क्रम प्रत्यक्ष करून दाखवला.

तलाव आणि विहिरी इतरत्रही झाल्या होत्या. नायगावातून जी 'पाणी पंचायत' उभी राहिली तिचे वेगळेपण तिच्या नियमांत होते. पाणी जमिनीच्या आकारावर न देता घरातील माणसांच्या संख्येवर द्यायचे : माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांसाठी. म्हणजे एकाच्या सातबाऱ्यावर चार एकर असोत आणि दुसऱ्याच्या वीस, दोन्ही घरांत पाच-पाच माणसे असतील तर दोघांचा पाण्यातील वाटा सारखाच. भूमिहीनालाही हा वाटा मिळेल. जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. वर्षभर पाणी पिणारा ऊस घ्यायचा नाही. योजनेच्या खर्चापैकी २० टक्के रक्कम सभासदांनी स्वतः उभी करायची, ५० टक्के शासनाचे अनुदान आणि उरलेले ३० टक्के प्रतिष्ठानकडून बिनव्याजी कर्ज. योजना गटाने चालवायची, पाटकरीही गटानेच नेमायचा.

पाटकरी हा शब्द शहरातल्या वाचकाला कदाचित अपरिचित असेल. पाळीप्रमाणे ज्याचे त्याचे पाणी सोडणारा आणि बंद करणारा हा माणूस. भरणे सुरू असताना शेतकरी दाऱ्यावर, म्हणजे सरीत पाणी वळवायच्या जागी, फावडे घेऊन उभा असतो, वरून दुसऱ्याची पाळी सुरू व्हायची वेळ झालेली असते, आणि 'शेवटच्या दोन सऱ्या राहिल्यात, थोडं थांब' अशी विनवणी होते. त्या वेळी व्हॉल्व्हच्या चावीवर हात ठेवलेल्या पाटकऱ्याला नात्यागोत्याचा, भावकीचा आणि गावातल्या वजनदार माणसाचा दबाव झेलावा लागतो. त्याच्या पाठीशी सर्वांनी मिळून मान्य केलेला नियम नसेल तर समन्यायी वाटपाची कितीही चांगली कल्पना त्या बांधावरच संपते.

या प्रयोगाच्या मर्यादाही होत्या. भूमिहीनाला पाण्याचा हक्क मिळाला तरी जमीन दुसऱ्याची, त्यामुळे बटईसारखी, म्हणजे पिकात वाटा देऊन दुसऱ्याची जमीन कसण्याची, तडजोड करावी लागणार हे उघड होते. उपसा योजनेचा जीव मोटारीत असतो, आणि वीजबिल थकले की पाटकरीही हतबल होतो. सगळ्याच योजना टिकल्या नाहीत. तरीही साळुंखे यांचे २००२ मध्ये निधन झाल्यानंतरही पाणीवाटपाची कोणतीही गंभीर चर्चा महाराष्ट्रात नायगावला वगळून होत नाही. आज दिवेघाट चढून सासवडकडे जाताना अंजीर आणि सीताफळाच्या बागा दिसतात, आणि पुरंदर उपसा योजनेतून पुणे शहराने वापरून मुळा-मुठेत सोडलेले पाणी या तालुक्याच्या शेतीला मिळते. पाणी आले असले तरी त्यात कोणाचा किती वाटा, हा १९७४ चा प्रश्न जुना झालेला नाही.

त्यानंतरच्या कामांत शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाचा उल्लेख आवश्यक आहे. हाताने काम करत शिकणे आणि शिकता शिकता गावाला उपयोगी सेवा देणे हा त्यांचा मार्ग होता. १९९२ मध्ये नाबार्ड या शेती व ग्रामीण विकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने स्वयंसहायता गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक उपक्रम सुरू केला आणि पुढे बचत गट गावोगाव पोहोचले. पाणी पंचायतीने जे पाण्याबाबत केले तेच बचत गटाने पैशांबाबत केले, असे म्हणता येईल : कर्ज कोणाला आधी द्यायचे हे महिन्याच्या बैठकीत बायाच ठरवू लागल्या.

संस्थांची कायदेशीर चौकट या सर्व काळात १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम यांनी ठरवली. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आणि दरवर्षी लेखापरीक्षण, ही शिस्त त्यातून आली. मोठा बदल झाला तो १ एप्रिल २०१४ पासून, जेव्हा ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करण्याची तरतूद लागू झाली. पुण्याभोवतीच्या औद्योगिक पट्ट्यामुळे जिल्ह्यातील खेड्यांना या निधीचा लाभ झाला, आणि कित्येक ओढ्यांचे खोलीकरण, शाळांची दुरुस्ती व पिण्याच्या पाण्याच्या योजना त्यातून झाल्या. परंतु निधी वर्षाच्या हिशेबाने येतो आणि गावाचे एकमत वर्षाच्या हिशेबाने होत नाही. बंधारा एका उन्हाळ्यात बांधून होतो. त्यातील पाण्याचे नियम ठरायला आणि ते अंगवळणी पडायला अनेक पावसाळे जावे लागतात, आणि तेवढा काळ कार्यकर्त्याच्या मानधनाची तरतूद प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात क्वचितच असते.

म्हणूनच एखाद्या गावात नव्याने काम सुरू होत असेल, तर पहिल्या ग्रामसभेत किती लाख रुपये येणार हे विचारण्याआधी, संस्था निघून गेल्यावर पाटकऱ्याचा पगार आणि मोटारीचे बिल कोण देणार हे विचारले जावे, असे मला मनापासून वाटते. पुरंदरमधील त्या योजनांत हे उत्तर जलवाहिनी टाकण्यापूर्वीच, सभासदांनी आपल्या २० टक्क्यांची रक्कम जमा करताना ठरलेले असे.